असईचा वेलस्ली: वशिला, फितुरी आणि बैल

प्रश्न असा आहे: "असईची लढाई आणि पुढे वॉटर्लू जिंकणारा आर्थर वेलस्ली, म्हणजेच ड्यूक ऑफ वेलिंग्टन, खरोखर मोठा सेनापती होता का? की भाऊ गव्हर्नर जनरल होता म्हणून वर चढला आणि आपल्या लोकांच्या फितुरीमुळे जिंकला? असई पाहायला जायचं असेल तर तिथे काय पाहावं?"

मी सैन्यात पुरवठ्याचं काम केलं आहे. पुढे बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना जुन्या लढाया शिकवल्या, त्यांना घेऊन असईच्या शिवारातून चाललो. त्यामुळे माझं उत्तर थोडं शिधा-दाणावैरणीच्या बाजूने येईल. पण या माणसाच्या बाबतीत तीच बाजू खरी आहे असं माझं ठाम मत आहे.

वशिल्याचं आधी सांगतो, कारण तो होताच. आर्थरचा जन्म १७६९ मध्ये डब्लिनला, आयर्लंडमधल्या इंग्रज सरदार घराण्यात झाला. वडील मॉर्निंग्टनचे अर्ल, संगीताचे जाणकार. मुलगा ईटनच्या शाळेत चमकला नाही. व्हायोलिन मात्र चांगलं वाजवायचा. हा तोफेच्या तोंडी देण्यापुरताच आहे, असं आईचं मत होतं म्हणतात. त्या काळी ब्रिटिश सैन्यात हुद्दे विकत मिळत. १७८७ मध्ये तो सर्वांत खालचा अधिकारी म्हणून लागला आणि १७९३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. मधल्या पायऱ्या त्याने लढून चढलेल्या नाहीत. थोरला भाऊ रिचर्ड याने पैसे दिले. त्याच सुमारास किटी पॅकनहॅम नावाच्या मुलीला त्याने मागणी घातली, तिच्या घरच्यांनी नाकारली, आणि त्याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली. त्यानंतर तो सैन्याच्या कामाला खऱ्या अर्थाने लागला.

पहिली लढाई पाहिली ती १७९४ मध्ये फ्लँडर्समध्ये. ती मोहीम इंग्रजांच्या दृष्टीने दारुण ठरली. थंडीत माघार, अन्न नाही, कपडे नाहीत, वरिष्ठांचा पत्ता नाही. काय करू नये ते मी तिथे शिकलो आणि तेही काही कमी नाही, असं तो म्हातारपणी म्हणायचा. त्या माघारीत सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षा उपासमारीने आणि गारठ्याने जास्त मेले. पुढच्या वीस वर्षांत या माणसाने दारूगोळ्याइतकंच लक्ष तांदूळ, बैल, जोडे आणि दारूच्या पिंपांकडे दिलं, त्याचं मूळ मला त्या हिवाळ्यात दिसतं.

१७९७ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला उतरला. पुढल्या वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. इथून वशिल्याचा दुसरा भाग सुरू होतो. १७९९ मध्ये टिपूवरच्या मोहिमेत निजामाच्या फौजेबरोबर जाणाऱ्या तुकडीचं नेतृत्व आर्थरला मिळालं. श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या झाडीवर त्याने ५ एप्रिलच्या रात्री हल्ला केला. जागा आधी पाहिलेली नव्हती. काळोखात माणसं विखुरली, काही पकडली गेली आणि टिपूच्या लोकांनी त्यांना ठार केलं. आर्थर स्वतः गुडघ्याला किरकोळ मार घेऊन, पार गोंधळून परत आला. दुसऱ्या कुणाची कारकीर्द कदाचित तिथेच संपली असती. याला भावाचं नाव तारून गेलं. ४ मे रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर चढाई केली ती जनरल बेअर्डने, आणि दुसऱ्याच दिवशी शहराचा कारभार सोपवला गेला आर्थरकडे. बेअर्ड संतापला आणि त्याचा संताप रास्त होता.

म्हणजे वशिल्याने त्याला संधी मिळाली, आणि एक मोठी चूक पचवायची मुभाही मिळाली. पण वशिल्याने आलेले कित्येक जण चूक विसरून जातात. हा विसरला नाही. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रात्री हल्ला करायचा नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं. स्वतः पुढे जाऊन पाहायची सवय मात्र जन्मभर टिकली, आणि असईला तिनेच त्याला जिंकवलं.

आता बैलांकडे येतो.

टिपूच्या पाडावानंतर धोंडजी वाघ नावाचा सरदार तुरुंगातून सुटला, फौज जमवून म्हैसूरच्या उत्तरेला आणि दक्षिण मराठा मुलुखात धुमाकूळ घालू लागला. स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवून घ्यायचा. १८०० साली वेलस्लीने त्याचा पाठलाग केला. घोडेस्वार पळत असेल तर पायदळाने त्याला गाठायचं कसं? दख्खनच्या युद्धाचं कोडं हेच होतं. आपल्याकडे गनिमी काव्याचं सगळं बळ यावर होतं की मोठी फौज स्वतःच्याच ओझ्याखाली दमते. तोफा, बाजारबुणगे, दाणा, तंबू. चार दिवस तिची रसद तोडली की ती आपोआप मोडते.

वेलस्लीने या कोड्याचं उत्तर शोधलं ते बैलांत. त्याच्या पत्रांचे ढीग छापलेले आहेत आणि त्यांत बैल पानोपानी भेटतात: किती बैल, कुठल्या जातीचे, कोण हाकतो, रोज किती चारा, किती मेले आणि का मेले. हैदर आणि टिपूने जोपासलेली अमृतमहाल जातीची जनावरं इंग्रजांच्या हाती आली होती. ती चालीला वेगवान आणि काटक. चांगले बैल, चांगले हाकणारे आणि त्यांची नीट निगा असल्याशिवाय वेगाने हालचाल होत नाही, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय. धान्यासाठी त्याने बंजाऱ्यांच्या तांड्यांशी करार केले, त्यांना रोख पैसे दिले. वाटेतल्या गावांतून लुटीने धान्य घेणाऱ्या शिपायाला कडक शिक्षा व्हायची. त्यामागे दयेपेक्षा हिशेब जास्त होता, पण गावकऱ्याच्या दृष्टीने फरक पडत होता: या फौजेला धान्य विकलं तर पैसे मिळतात, ही बातमी पुढच्या गावी फौजेच्या आधी पोहोचायची.

धोंडजी १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगलजवळ गाठला गेला. वेलस्लीजवळ त्या वेळी फक्त घोडदळाच्या चार पलटणी होत्या. त्याने त्या एकाच ओळीत उभ्या करून स्वतः पुढे होऊन धडक दिली. धोंडजी पडला. त्याच्या छावणीत सलाबत खान नावाचा त्याचा मानलेला लहान मुलगा सापडला. वेलस्लीने त्याला सांभाळलं, हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. माणूस कोरडा होता, हाताखालच्यांशी तुटक बोलायचा, पण ही बाजूही त्याच्यात होती.

१८०३ कडे येऊ. पार्श्वभूमी थोडक्यात: २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. त्याला गादीवर परत बसवायचं काम आर्थर वेलस्लीकडे आलं. मार्चमध्ये तो हरिहरहून निघाला. पुणं जाळलं जाईल अशी बातमी आल्यावर घोडदळ घेऊन ६० मैल ३२ तासांत कापले आणि २० एप्रिलला पुण्यात पोहोचला. बाजीराव १३ मे रोजी परत आला. त्याने कबूल केलेली रसद आणि मदत मात्र वेळेवर आली नाही.

त्यानंतर वेलस्लीने जे केलं ते आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे मोहिमेचा काळ म्हणजे दसऱ्यानंतर. सीमोल्लंघन करायचं, नद्या उतरलेल्या, शेतं निघालेली, घोड्यांना चारा मुबलक. पावसाळ्यात छावणी. वेलस्लीने उलट विचार केला. नद्या भरलेल्या असताना मराठा घोडदळाला पार होता येत नाही. आपल्याकडे होड्या असतील तर आपल्याला होता येतं. मग युद्ध पावसाळ्यातच सुरू करावं. वेताच्या विणलेल्या, कातड्याने मढवलेल्या गोल टोपल्यांसारख्या होड्या त्याने तयार करवून घेतल्या. ज्या ऋतूत आपण सुरक्षित असतो असं आपण धरून चाललो होतो, तोच त्याने निवडला. ६ ऑगस्टला शिंदे आणि भोसले यांच्याविरुद्ध युद्ध जाहीर झालं. ८ ऑगस्टला नगरची पेठ शिड्या लावून घेतली, १२ ऑगस्टला किल्ला. पेठ घेतली त्या सकाळचं वर्णन बापू गोखल्यांनी केल्याचं सांगतात. ते पेशव्यांच्या पथकाबरोबर या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते. म्हणाले, हे इंग्रज अजब लोक आहेत आणि त्यांचा सेनापती त्याहून अजब. सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालत गेले, सगळ्यांना मारलं आणि न्याहारीला परत गेले. याच बापू गोखल्यांना १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीला इंग्रजांशी लढताना मरण आलं. १८०३ मध्ये कोण कुणाच्या बाजूला होतं हे आज आपण ज्या सोप्या रेघेने आखतो, ती रेघ तेव्हा नव्हती.

ऑगस्ट संपता संपता वेलस्ली गोदावरी उतरला. दुसरी फौज कर्नल स्टीव्हन्सनची, हैदराबादकडून आलेली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज जालन्याच्या उत्तरेला फिरत होती. २१ सप्टेंबरला बदनापूरला दोघा इंग्रज अधिकाऱ्यांची भेट झाली. ठरलं असं की मधल्या डोंगरांच्या दोन बाजूंनी दोघांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा.

२३ ला सकाळी १४ मैल चालून वेलस्लीची फौज थांबली, तेव्हा बातमी आली की शत्रू जवळच आहे. हरकाऱ्यांनी शत्रू भोकरदनला आहे असं सांगितलं होतं. भोकरदन हे गावाचं नाव, आणि त्या सगळ्या परगण्याचंही. इंग्रजांनी गाव धरलं. प्रत्यक्षात छावणी भोकरदनपासून असईपर्यंत मैलोन् मैल पसरलेली होती आणि तिचं पूर्वेचं टोक वेलस्लीपासून सहा मैलांवर होतं. एका शब्दाच्या गैरसमजातून ती लढाई एक दिवस आधी, निम्म्या फौजेनिशी झाली. मी अधिकाऱ्यांना शिकवताना नेहमी इथे थांबायचो. स्थानिक माणूस जे नाव घेतो त्याचा त्याच्या तोंडी अर्थ काय, हे विचारायला एक मिनिट लागतं.

तो पुढे जाऊन पाहतो तर समोर पूर्ण फौज. केळणा नदीच्या पलीकडे ओळीने उभी. सुमारे १०,००० कवायती पायदळ, १०० च्या वर तोफा, आणि घोडदळाचे आकडे ३० ते ४० हजारांपर्यंत सांगतात. यांच्याकडे लढाईच्या ओळीत उभे राहू शकतील असे सुमारे ४,५०० लोक, त्यांत बहुसंख्य मद्रासचे शिपाई, दोन पलटणी स्कॉटिश, थोडं घोडदळ. त्याशिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे सुमारे ५,००० स्वार, ज्यांना मागे राखायचं होतं.

परत फिरावं तर हे घोडदळ माघारीत चिंध्या करणार. थांबावं तर तेच. त्याने हल्ला ठरवला, पण समोरून नाही. केळणेला दोन्ही बाजूंनी उभे काठ आहेत, तोफा सहज उतरत नाहीत. वाटाडे म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं: नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे समोरासमोर दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी नदीच्या दोन काठांना बसलेली असतील तर लोक एकमेकांकडे जात असणारच आणि उतार असणारच. माणूस पाठवला, उतार निघाला. इतकी साधी गोष्ट. पण समोर १०० तोफा दिसत असताना गावांची मांडणी पाहायला डोकं थंड लागतं. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईत तुम्ही केलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, तर तो एका शब्दात म्हणाला, "असई." वॉटर्लू म्हणाला नाही.

उतार पार करून केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो शिरला. हिशेब असा की दोन्ही बाजूंना नद्या असल्यामुळे शत्रूला घोडदळ पसरून वेढा घालता येणार नाही, आणि त्यांचं पायदळ दुसऱ्या दिशेला तोंड करून उभं आहे तोवर बगलेवर पडता येईल.

इथे त्याला धक्का बसला. शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पलटणींनी, तोफांसकट, सगळी ओळ फिरवून त्याच्याकडे तोंड केलं. लढाई समोर येत असताना हजारो माणसांची ओळ काटकोनात वळवणं हे त्या काळच्या युरोपातल्या चांगल्या सैन्यालाही सोपं नव्हतं. डी बॉइन आणि पेरोन या शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी उभे केलेले आणि चालवलेले हे कंपू काय दर्जाचे होते ते त्या पंधरा-वीस मिनिटांत दिसलं. त्या दिवशी त्यांचं नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होतं. लढाईनंतर वेलस्लीने एका पत्रात लिहिलं की यांचं पायदळ आमच्या खालोखाल हिंदुस्थानातलं सर्वोत्तम आहे, टिपूच्या पायदळापेक्षा फार वरचं, आणि त्यांच्या तोफा इतक्या चांगल्या की आमच्या कामाला सरळ चालतात. त्यांचा मारा असा होता की माझी माणसं पुढे सरकतील की नाही याची मला एका क्षणी शंका आली, असंही त्याने कबूल केलं.

तोफांच्या माऱ्यात इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल पहिल्यांदा पडले. ज्या बैलांवर त्याने तीन वर्षं एवढं लक्ष दिलं, ते इथे मेले आणि तोफा जागीच राहिल्या. पायदळाला तोफांशिवाय, नुसत्या संगिनींवर पुढे जावं लागलं. उजव्या टोकाला ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याची तुकडी वाट चुकून थेट असई गावाकडे गेली, जिकडे जाऊ नका असं सांगितलं होतं. तिच्यामागे ७४ वी पलटण गेली आणि गावातल्या तोफा आणि समोरची फौज यांच्या मधोमध सापडली. मेलेल्या बैलांचा आणि माणसांचा आडोसा करून ते लोक लढले. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले. मॅक्सवेलच्या घोडदळाने धडक देऊन उरलेल्यांना वाचवलं.

डाव्या बाजूला ७८ वी पलटण आणि मद्रासच्या शिपायांनी तोफांची ओळ घेतली आणि ते पुढे गेले. मागे तोफांच्या खाली मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून पाठीत मारा सुरू केला. स्वार येऊन तुडवतील हे माहीत असताना तोफेखाली पडून राहायचं आणि मग एकटं उठून तोफ भरायची. त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही. असईबद्दल बोलताना माझ्या मनात सर्वांत आधी ते येतात. वेलस्लीला परत फिरून स्वतः त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. त्या दिवशी त्याचा एक घोडा गोळी लागून मेला, डायोमीड नावाच्या दुसऱ्या लाडक्या घोड्याला भाला लागला. मॅक्सवेल शेवटच्या हल्ल्यात पडला. संध्याकाळी सहाच्या सुमारास कंपू जुईपलीकडे निघून गेले. पाठलाग करायची ताकद कुणातच उरली नव्हती.

४,५०० पैकी १,५८४ इंग्रज बाजूचे मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. म्हणजे तीनात एकाहून जास्त. मराठा बाजूचे सुमारे १,२०० मृतदेह मैदानात असल्याचं वेलस्लीने कळवलं, जखमींची मोजदाद नाही. ९८ तोफा त्याच्या हाती आल्या. वेलस्लीसोबत त्या दिवशी मैदानात एक तरुण अधिकारी होता, अजून चोवीसही पूर्ण न झालेला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तोच.

ही लढाई चुकीची होती असं थॉमस मन्रोसारख्या जाणत्या इंग्रजानेही त्याला लिहिलं होतं: स्टीव्हन्सनची वाट का पाहिली नाही, इतकी माणसं का गमावली. वेलस्लीने त्याला सविस्तर उत्तर दिलं. हुद्द्याने मोठ्या माणसाने टीकाकाराला असं मुद्देसूद उत्तर देणं मला आवडतं. पण मन्रोची शंकाही निराधार नव्हती. एक दिवस थांबला असता तर कदाचित निम्म्या किमतीत जिंकला असता, किंवा शत्रू निसटला असता. दोन्ही शक्य होतं.

फितुरीचं काय? युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश वंशाच्या अधिकाऱ्यांना परत बोलावलं आणि पगाराचं आश्वासन दिलं. बरेच गेले. त्यामुळे कंपूंची मधली फळी ढासळली, हे खरं. पण असईला उभे राहिलेले शिपाई आणि गोलंदाज फितूर नव्हते. ते शेवटपर्यंत लढले. कमी पडलं ते वरून. शिंदे आणि भोसले दोघेही लढाई ऐन भरात असताना मैदान सोडून गेले. दौलतराव तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे. भोकरदनच्या बाजूला असलेलं मोठं घोडदळ जवळपास बघत बसलं. त्याचा एक भाग जरी नेटाने त्या चिंचोळ्या जागेच्या तोंडाशी आला असता, तर वेलस्लीचं नाव आज फार थोड्यांना माहीत असतं. पायदळ परक्या अधिकाऱ्याच्या हुकमात, घोडदळ सरदारांच्या, आणि दोघांना बांधणारा कुणी नाही. याला फितुरी म्हणून मोकळं होणं मला त्या गोलंदाजांवर अन्याय वाटतो.

पुढचं भरभर सांगतो. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात आडगावची लढाई. असईला धीराने लढलेल्या तीन पलटणी इथे तोफांच्या आवाजाने बिथरून पळाल्या, आणि त्याने स्वतः जाऊन त्यांना पुन्हा उभं केलं. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. १७ ला देवगावचा तह, ३० ला सुर्जी-अंजनगावचा. ओडिशातला कटक, वऱ्हाड, भडोच, गंगा-यमुनेचा दुआब, अहमदनगर अशा जागा गेल्या. १८०४ च्या फेब्रुवारीत परांड्याच्या बाजूला लुटारू टोळ्यांच्या मागे त्याने साठ मैलांच्या आसपासची मजल तीस तासांत मारली. मार्च १८०५ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला, परत आला नाही.

युरोपात नेपोलियन त्याला "शिपायांचा जनरल" म्हणून हिणवायचा. पण १८०८ ते १८१४ या काळात पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये त्याने जे केलं ते दख्खनचंच होतं. डोंगराळ, गरीब मुलूख. फ्रेंच फौज मुलुखावर जगायची, म्हणजे शेतकऱ्याच्या कोठारावर धाड घालायची. म्हणून एका जागी राहिली की उपाशी पडायची आणि गावकरी तिचे वैरी व्हायचे. वेलस्लीच्या फौजेची रसद जहाजाने यायची, पुढे होड्यांनी, मग खेचरांच्या तांड्यांनी. जे घ्यायचं त्याचे पैसे. १८१० मध्ये फ्रेंच सेनापती मासेना लिस्बनवर चालून आला, तेव्हा याने टॉरस व्हेड्रासच्या टेकड्यांवर आधीच बांधून ठेवलेल्या मोर्च्यांमागे जाऊन बसणं पसंत केलं आणि पुढचा मुलूख मोकळा करून ठेवला. मासेनाची फौज समोर बसून उपासमारीने झिजली आणि मागे गेली. गनिमी कावा ज्याच्यावर चालवला गेला होता, त्याने तो शिकून दुसऱ्यावर चालवला, असं मी वर्गात सांगायचो.

तो नेहमी सावध होता असं मात्र समजू नका. १८१२ च्या एप्रिलमध्ये संपलेल्या बादाखोसच्या वेढ्यात त्याची जवळजवळ ५,००० माणसं कामी आली किंवा जखमी झाली, आणि आत शिरलेल्या सैनिकांनी नंतर शहराची जी लूट आणि विटंबना केली ती त्याला काही दिवस आवरता आली नाही. सकाळी प्रेतांचा खच पाहून तो रडला. त्याच वर्षी जुलैमध्ये सलामान्का, १८१३ मध्ये व्हितोरिया, आणि १८ जून १८१५ ला वॉटर्लू. वॉटर्लूबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एवढंच म्हणतो: संध्याकाळी त्याच्या मदतीला ब्ल्यूखरची प्रशियन फौज आली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता, आणि ती येईल या भरवशावरच तो तिथे उभा राहिला होता. असईला ज्या स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही, त्याची भरपाई बारा वर्षांनी केली म्हणा. जिंकलेल्या लढाईइतकं दुःखद दुसरं काही नसतं, फक्त हरलेली लढाई सोडून, अशा अर्थाचं त्याचं वाक्य वॉटर्लूनंतरचं आहे.

१८२८ ते १८३० तो ब्रिटनचा पंतप्रधान होता. कॅथलिकांना संसदेचे दरवाजे उघडणारा १८२९ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला, पण मतदानाच्या सुधारणेला त्याने इतका हट्टाने विरोध केला की लंडनच्या जमावाने त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या. सैन्यात हुकूम चालतो, राजकारणात चालत नाही, हे त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला.

तर मोठा सेनापती होता का? होता. आपला शत्रू होता, त्याने आपलं राज्य मोडायला हातभार लावला, आणि तरी होता.

असईला जाणार असाल तर पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या शेवटी जा. जालन्याहून रस्ता आहे. स्मारक शोधत बसू नका. आधी पिंपळगावच्या बाजूला केळणेच्या काठावर जा आणि समोर वरूड दिसतं का पाहा. काठ किती उभा आहे ते खाली उतरून अजमावा. तिथून पाणी ओलांडून उत्तरेला चालत जा, जुईपर्यंत. दोन नद्यांमधली जागा पायांनी मोजा, म्हणजे एवढ्या मोठ्या घोडदळाला तिथे का वळता आलं नाही ते कळेल. मग असई गावाकडे पाठ करून दक्षिणेकडे, केळणेच्या दिशेला तोंड करून उभे राहा. त्या ओळीत पिकांच्या खाली कुठेतरी ते गोलंदाज पडले होते.